म्हाळसेच्या गुडघ्यातलं पाणी

म्हाळसेचा उजवा गुडघा सुजला तो मिरचीच्या वाफ्यात. खुरपायला बसली तेव्हा चांगली बसली होती. उन्हं चढल्यावर पाणी प्यायला उठू गेली, तर पाय सरळ होईना. लुगडं जरा वर करून पाहिलं, तर गुडघ्याची वाटी दिसेनाशी झालेली. दोन्ही अंगांनी फुगवटा आला होता आणि हात लावला तर आतून कढ येत होता.

पलीकडच्या वाफ्यात शकुबाई खुरपत होती. तिचं रान बांधाला बांध लागून.

"पडलीस का गं कुठं?" शकुबाईनं विचारलं.

"न्हाय."

"मग येताना पाय मुरगाळला आसंल."

"न्हाय गं. काहीच झालं न्हाय. आपसूक सुजलाय."

शकुबाईनं खुरपं हातात तसंच धरून तिच्याकडं पाहिलं. चाळिशीतल्या धडधाकट बाईचा गुडघा न पडता, न धडपडता असा कसा फुगंल, हे काही तिच्या मनाला पटेना. मग दुसरीकडं बघत हळूच म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ दे. न्हाय सांगायचं तर नको सांगूस."

तिच्या बोलण्याचा रोख म्हाळसेला तेव्हा कळला नाही. कळला असता तरी काही बोलण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. गेले कित्येक दिवस तिला एकच एक वाटायचं, की जिथं असू तिथं आडवं व्हावं. दिवस कलला की अंगात कसर यायची, हाडं दुखायची, मग घाम फुटून पोलकं भिजायचं. सकाळी ताप नसायचा, पण अंगात जीवही नसायचा. उन्हाळ्याचं आहे, कामाचं आहे, वय झालं, असं ती स्वतःलाच सांगत होती. शहाण्णव सालची होळी नुकतीच झाली होती. पिंपळीच्या शिवारात पाटाला पाणी होतं आणि पाणी होतं तोवर कुणाला आजारी पडायला सवड नव्हती.

म्हाळसा खरं तर चालत्या पायांची बाई. तिच्या बापाचा वाडा सुप्याच्या माळावरचा. वाडा म्हणजे दगडमातीचं घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं असा सगळा चालता संसार. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाआधी माघारी यायचं. सहा-सात वर्षांची असल्यापासून ती मेंढरांमागं चालली. पंधराव्या वर्षी लग्न होऊन पिंपळीला आली, तेव्हा सासऱ्यांनी नुकतीच मेंढरं विकून रान धरलं होतं. तेव्हापासून ती मिरची, वांगी, मेथी यांच्यामागं वाकली ती वाकलीच. माहेरच्या कळपाची आठवण म्हणून तिनं चार शेळ्या तेवढ्या राखल्या होत्या.

नवरा गेणबा. कमी बोलणारा माणूस. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, पण हात उचलणं सोडाच, त्यानं कधी आवाजही चढवला नव्हता. त्याच्या गप्प राहण्याचाच कधीकधी म्हाळसेला राग यायचा. माणूस बोलला तर निदान त्याच्याशी भांडता तरी येतं. एकुलती लेक सुकन्या वालचंदनगरला दिलेली, जावई तिथं कंपनीत. घरी गेणबा, म्हाळसा आणि सासू ठमाबाई.

ठमाबाईनं सुनेचा गुडघा पाहिला आणि निर्गुडीचा पाला आणून शेकला. रुईच्या पानांना एरंडेल लावून गरम करून बांधली. चार दिवसांनी पानं सोडली, तर आत गुडघा होता तसाच. वर कातडी तेवढी सोलवटून निघाली. मग मोपेडवरून गावोगाव फिरणारा डॉक्टर आला. त्यानं कमरेत सुई दिली आणि "वात आहे" म्हणून सांगितलं. सुईनं दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी म्हाळसा पाणी आणायला निघाली आणि हापशापाशी पोचायच्या आत हंडा टेकवून खाली बसली.

हापशावर बायका होत्या. सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला आणि म्हाळसेनं तेच उत्तर दिलं. एकीनं दुसरीकडं पाहिलं. दुसरी म्हणाली, "सोसावं लागतंय बाई. काय करायचं?"

तेव्हा म्हाळसेच्या ध्यानात आलं. शकुबाईनं वाफ्यात तोंड का फिरवलं होतं, तेही आता उलगडलं. गेणबानं मारलं, असं गाव धरून चाललं होतं. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं कुणाला ठाऊक, आणि पडली नाही म्हणते म्हणजे कुणीतरी पाडली असणार, असा साधा हिशेब.

ती तिथंच ओरडून सांगू शकली असती. पण ओरडायला दम लागतो. हंडा तिथंच ठेवून ती भिंतीला धरत घरी आली. मागून शकुबाई तिचा हंडा भरून घेऊन आली, उतरवून ठेवला, पाठीवरून हात फिरवला आणि गेली. तो हात म्हाळसेला बरा वाटला. खोट्या कारणानं का होईना, कुणीतरी आपला हंडा उचलला, असं तिला वाटलं आणि त्या वाटण्याची तिला लाजही वाटली.

गेणबाच्या कानावर गेलंच. चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला म्हणालं, "गेणबा, हात जरा आवरून ऱ्हा. दिवस पयल्यासारखं न्हाय ऱ्हायलं." तो चहा अर्धा टाकून उठून आला. घरी येऊन म्हाळसेला एवढंच म्हणाला, "उद्या बारामतीला जायचं. हाडाच्या डॉक्टरकडं."

हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड मोडलेलं नव्हतं, कुठं चीरही नव्हती. "झीज सुरू झालीय. उकिडवं बसून काम करता ना? बाया सगळ्या याच तक्रारी घेऊन येतात," ते म्हणाले. मग त्यांनी गुडघ्यात जाड सुई घालून पाणी काढलं. पिवळसर, जरा गढूळ पाणी. ते इतकं निघालं, की म्हाळसा बघत राहिली. आपल्या गुडघ्यात एवढं पाणी मावत होतं? पाणी निघाल्यावर गुडघा सैल पडला, वाटी दिसायला लागली. येताना माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये तिला इतकं हलकं वाटत होतं, की ती गेणबाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

चौथ्या दिवशी गुडघा पुन्हा भरला. उपसलेल्या विहिरीला पाझर फुटावा तसा.

आता घरात कामाची ओढाताण सुरू झाली. ठमाबाई सत्तरीची, तरी चूल तिनं धरली. तोंडानं बडबड चालूच. "आमी मेंढरामागं चालत चालत बाळंत झालो. चार दिसात पुन्यांदा चालाय लागलो. आताच्या बायांस्नी गुडघं काय न् पाठी काय." म्हाळसा ऐकून घ्यायची. गेणबा दिवसभर रानात आणि पाळीचं पाणी आलं की वाफ्यांना पाणी देत दारं धरायला. तोही हल्ली ओझं उचलताना थांबायचा, कमरेवर हात दाबून उभा राहायचा. जेवण निम्मं टाकायचा. म्हाळसेला ते दिसत होतं, पण दमलेल्या घरात एकाचा दमलेपणा दुसऱ्याला वेगळा असा कुठं दिसतो?

अशातच एका दुपारी तिचा धाकटा भाऊ सिद्धू सुप्याहून भाड्याची जीप घेऊन आला. पाहुण्यांच्या लग्नात त्याच्या कानावर कुजबुज गेली होती. गेणबा गोठ्यापुढं वैरण तोडत होता. सिद्धू पाणीसुद्धा न घेता थेट त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"दाजी, येकच इचारतो. हात उचलला का तुमी?"

गेणबानं कोयता खाली ठेवला. बराच वेळ मेव्हण्याच्या तोंडाकडं पाहिलं. "तिलाच इचार की," तो म्हणाला.

सिद्धू सोप्यात आला. म्हाळसा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती.

"आक्का, खरं सांग. घाबरू नको. म्या हाय हितं."

"न्हाय रं मारलं. कुणीबी न्हाय मारलं."

"मग गुडघा आपसूक सुजला व्हय?"

"व्हय."

"आसं कुठं आसतंय का?"

आपलं "न्हाय" किती मेल्या आवाजात निघालं, हे म्हाळसेलाच कळत होतं. असं "न्हाय" म्हणजे लपवलेलं "व्हय", असंच ऐकणाऱ्याला वाटणार. ठासून सांगायला हवं होतं. उठून, गेणबाशेजारी उभं राहून सांगायला हवं होतं. पण दिवस कलला होता, अंगात कसर चढत होती आणि जीभ टाळ्याला चिकटली होती. सिद्धूनं त्या गप्पपणाचा त्याला हवा तो अर्थ काढला.

"लुगडी घे. म्हायेरला चल."

दारात ठमाबाई आडवी आली. "न्ह्याची तर न्हे बाबा तुझी बहीण. पर माझ्या ल्योकाच्या तोंडाला काळं फासून न्हेऊ नको."

म्हाळसेनं गोठ्याकडं पाहिलं. गेणबानं कोयता पुन्हा उचलला होता आणि तो वैरण तोडायला लागला होता. "जा" म्हणाला नाही, "नको जाऊ" म्हणाला नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात त्या घडीला नवऱ्याची अब्रू नव्हती. माहेरी आपल्याला पहाटे कुणी उठवणार नाही, हा एकच विचार होता. त्या विचारापुढं बाकी सगळं मागं पडलं. ती जीपमध्ये जाऊन बसली.

सुप्याला सिद्धूची बायको भागूबाई होती. तिनं नणंदेला आत नेऊन अंथरूण टाकलं, कढत पाण्यानं पाय धुतले आणि सिद्धू बाहेर गेल्यावर हळूच विचारलं, "वन्सं, मारत्यात का वो दाजी?"

"न्हाय गं भागू."

"न्हाय तर न्हाय," भागूबाई म्हणाली आणि पाय पुसायला लागली. एवढ्या दिवसांत तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारं हे पहिलं माणूस. म्हाळसेच्या डोळ्यांना धार लागली.

मग ती झोपली. दिवसा झोपली, संध्याकाळी झोपली, जेवायला उठवलं तेव्हा चार घास खाऊन पुन्हा झोपली. पण झोपून थकवा जाईना. अंग वाळत चाललं होतं, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आणि रोजचा ताप, रोजचा घाम. भागूबाई रोज सकाळी तिची वाकळ उन्हात टाकायची. एक दिवस ती वाकळ हातात घेऊन सिद्धूपुढं उभी राहिली.

"ही बघा, पिळली तर पाणी निघंल. मारानं गुडघा सुजंल, पर रोज सांजंला ताप येतोय व्हय? ह्यास्नी हाडाच्या न्हाय, तापाच्या डाक्टरला दाखवा."

सिद्धू वाकळीकडं बघत राहिला. गेणबानं मारल्याचा त्याचा ठाम समज आता ढळायला लागला होता. दुसऱ्या दिवशी एस.टी.नं दोघं भावंडं बारामतीला गेली.

औषधांच्या दुकानावरच्या माडीवर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. म्हाळसेला जिना चढवायला सिद्धूला तिला जवळजवळ उचलावंच लागलं. बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांवर सरकवलेला, आवाज बसलेला. सकाळपासून माणसं तपासून त्याही दमल्या होत्या. पण त्यांनी घाई केली नाही. हाडाचा आधीचा फोटो उजेडात धरून पाहिला, दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून चाचपले, हाताची बोटं एकेक दाबून पाहिली, पोटावर हात ठेवून पाहिलं.

"कुठं पडलात, लागलं?"

"न्हाय," म्हाळसा म्हणाली, आणि सवयीनं पुढचा संशय ऐकायला गप्प राहिली.

"बरं," बाई म्हणाल्या. "न पडताही गुडघा सुजतो. लोकांना वाटतं सूज म्हणजे मार. तसं नसतं. कुणाची वाटीखालची गादी झिजते. कुणाला आमवात असतो, त्याची सकाळी बोटं आखडतात. कुणाच्या रक्तात खार वाढतो आणि सांध्यात साठतो. कधी क्षयसुद्धा येऊन गुडघ्यात बसतो. तुमची बोटं चांगली आहेत, झीज असती तर असा रोजचा ताप आला नसता. तेव्हा मला शोधायला लागेल. मी विचारते त्याची नीट उत्तरं द्या."

ताप कधी चढतो, घाम कधी येतो, घरात कुणाला खोकला आहे का, सगळं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "घरी जनावरं काय काय?"

"एक म्हस. चार शेळ्या."

"दूध तापवून पिता?"

म्हाळसेला हा प्रश्नच विचित्र वाटला. "शेळीचं काय तापवायचं? धार काढली की तसंच पितो. फेसासकट. आमी दोघंबी. म्हशीचं डेअरीला जातंय."

"सासूबाई?"

"त्या कोरा चहा घेत्यात. दूध चालत न्हाय त्यांस्नी."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "शेळ्यांपैकी एखादी एवढ्यात गाभडली का?"

म्हाळसा चमकली. हे या बाईला कुणी सांगितलं? संक्रांतीच्या सुमाराला एक शेळी गाभडली होती. थोड्या दिवसांनी दुसरी. दुसरीची वार अडकली, तेव्हा गेणबानं तिचं डोकं धरलं आणि म्हाळसेनं हात घालून वार ओढून काढली. मेलेली करडं गेणबानंच हातानं उचलून बांधाकडेला पुरली. बापाच्या वाड्यात असं कितीदा पाहिलं होतं. शेळ्या-मेंढ्यांचं व्हायचंच.

तिनं सांगितलं तसं बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "हा शेळ्यांकडून माणसाला येणारा ताप असू शकतो. चढतो, उतरतो, महिनोन् महिने रेंगाळतो. माणसाचा जीव खाऊन टाकतो, आणि कधी गुडघ्यात, कधी पाठीत जाऊन बसतो. रक्त पुण्याला तपासायला पाठवते, मग नक्की कळेल. मालकांना काही होतंय का?"

"त्यांस्नी काय न्हाय," म्हाळसा म्हणाली आणि मध्येच थांबली. ओझं उचलताना कमरेवर दाबलेला हात तिच्या डोळ्यांपुढं आला. पहाटे दोरीवर वाळत टाकलेला त्याचा ओला सदरा आला. निम्मी टाकलेली भाकरी आली. "त्यांची पाठ दुखती," ती हळू म्हणाली. "घामबी येतो. म्या म्हणलं, कामाचं आसंल."

सिद्धू खिडकीशी बाहेर बघत उभा होता. परतीच्या गाडीत बहिणीशेजारी बसला तेव्हाही सगळी वाट तो बाहेरच बघत होता.

पुण्याहून रक्ताचा निकाल आला तो बाईंच्या अंदाजाप्रमाणंच आला. सिद्धूनं म्हाळसेला दवाखान्यात आणलं, औषधं घेतली आणि मग ती म्हणाली, "सुप्याला नको. पिंपळीला सोड."

दोघं पिंपळीला पोचली तेव्हा दुपार टळत होती. ठमाबाई दारात बसली होती. तिनं नुसतं गोठ्याकडं बोट केलं. गोठ्याच्या सावलीत पोत्यावर गेणबा पडला होता. म्हाळसेनं त्याला भर दुपारी आडवा झालेला कधी पाहिला नव्हता. ओठ सुकलेले, गालांची हाडं वर आलेली. बायकोला पाहून तो उठायला गेला आणि अर्ध्यातच पाठ धरून थांबला.

सिद्धूनं पुढं होऊन त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उभं केलं. "दाजी, चला. दवाखान्यात जायचं."

"कुणाला काय झालंय?"

"दोघांस्नीबी येकच झालंय," सिद्धू म्हणाला. तो खाली बसला, कोपऱ्यातल्या गेणबाच्या वहाणा ओढल्या आणि एकेक करून त्याच्या पायात सरकवल्या. गेणबानं पाय मागं घेतला नाही. सिद्धूनं माफी मागितली ती एवढीच.

गेणबाच्या रक्तातही तेच निघालं. म्हाळसेच्या जोडीला त्याचीही औषधं सुरू झाली. उपकेंद्रातली नर्स रोज येऊन दोघांना सुया टोचायची. वर कॅप्सूल, त्या कित्येक आठवडे. मळमळायचं, तोंडाची चव गेलेली. सुई झाली की एक एका भिंतीला, दुसरा दुसऱ्या भिंतीला, अशी दोघं सोप्यात बसून राहायची.

अशाच एका सकाळी म्हाळसा म्हणाली, "म्या लोकास्नी नीट सांगितलं न्हाय. तुमी मारलं न्हाय म्हणून. सिद्धूलाबी न्हाय."

गेणबा आढ्याकडं बघत होता. "सांगाय दम हुता का तुज्यात?"

"न्हवता."

"मलाबी न्हवता," तो म्हणाला. "न्हायतर म्याच सांगितलं आसतं."



शेळ्यांचा प्रश्न राहिला होता. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन चौघींचं रक्त घेऊन गेले. दोघींत रोग निघाला. त्या विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत, दुसऱ्याच्या दावणीला बांधल्या तर तिथंही हेच होणार, असं त्यांनी बजावलं. ठमाबाई खवळली. "जल्म गेला माझा मेंढरात. मेंढराची वार ह्या हातानं काढली. मला काय झालं? लक्ष्मी हाय ती. तिच्यापाय माणूस मरंल व्हय?" डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा समजावलं. सगळ्याच जनावरांत रोग नसतो, पण ज्यात असतो ते माणसाला सोडत नाही. म्हातारीला ते शेवटपर्यंत पटलं नाही, पण शेळ्यांचं दावं सोडायची वेळ आली तेव्हा आत जाऊन बसली. सिद्धू आणि गावातल्या दोघांनी रानाच्या कडेला खोल खड्डा खणला. डॉक्टरांनी सुई देऊन मारल्यावर दोन्ही शेळ्या चुना टाकून पुरल्या. म्हाळसेला कुणी जाऊ दिलं नाही, आणि तीही गेली नाही. त्यातली एक तिनं माहेरहून करडू असताना मांडीवर घेऊन आणली होती. म्हाळसा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

ताप आधी गेला. मग हळूहळू घाम थांबला, भूक लागायला लागली. गुडघा मात्र लवकर हटला नाही. पावसाळा संपता संपता तो दुसऱ्या गुडघ्याएवढा झाला. पाय सरळ होऊ लागला, पण पुरता मुडपेना. डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिला आणि उगीच धीर दिला नाही. "दुखणं बरं झालं. पण ते बरेच दिवस सांध्यात मुरलं होतं, त्यानं आतली गादी खाल्ली. मांडी घालून, उकिडवं बसणं आता सोडा."

खुरपणी तिथंच संपली. निम्मं रान त्यांनी वाट्यानं दिलं. गेणबाची पाठही पहिल्यासारखी झाली नाही. ओझं म्हणून तो उचलेना. पैपाहुण्यांत, हापशावर हळूहळू खरी गोष्ट पसरली. शेळीकडून रोग आला म्हणे, असं सगळे सांगू लागले. आपण आधी काय बोललो होतो ते कुणाला आठवत नव्हतं. शकुबाईनं दूध उकळून घ्यायला सुरुवात केली आणि म्हाळसेला येऊन चार वेळा विचारून गेली, किती उकळी आली म्हणजे पुरते? म्हाळसेनं चारही वेळा सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात सुकन्या पहिल्या बाळंतपणाला पिंपळीला आली. मुलगी झाली. बाराव्या दिवसानंतर बाळाला न्हाऊ घालायचं काम घरच्यांकडं आलं. ठमाबाईचे हात आता थरथरत, म्हणून म्हाळसाच बसली. न्हाणीत जमिनीवर उतरायलाच तिला वेळ लागला. एक हात भिंतीला, एक सुकन्येच्या खांद्यावर, आणि उजवा पाय पुढं ताठ. पण बाळ न्हाणायला पाय मुडपावा लागत नाही, लांबच करावे लागतात. तिनं दोन्ही पाय सरळ पसरले, पोरीला नडग्यांवर पालथं घातलं, तेल चोळलं, ऊन ऊन पाणी ओतलं. पोर आधी रडली, मग पाण्याच्या उबेला गप्प झाली.

सुकन्येनं बाळ पंच्यात गुंडाळून आत नेलं. धुरी द्यायची होती, तिचं तिकडंच लक्ष. म्हाळसा ओल्या लुगड्यानं तशीच न्हाणीत बसून राहिली. एकटीला उठता येत नव्हतं. आतून बाळाचा आवाज येत होता. पाणी निथळून मोरीकडं चाललं होतं, तिकडं ती बघत राहिली. मग तिनं गेणबाला हाक मारली.

तो अंगणातून आला. पाठीवर एक हात ठेवून वाकला आणि दुसरा तिच्यापुढं धरला. त्याला ओढायला वेळ लागला, तिला उठायलाही. उभं राहिल्यावर दोघंही थोडा वेळ न्हाणीच्या भिंतीला टेकून राहिली, दम खात.

"आणीक पाणी तापत ठिऊ का?" त्यानं विचारलं.

"ठिवा," ती म्हणाली. "सुकन्येची अंघुळ ऱ्हायलीया."